पाराला तिकीट नसतं

आमच्या नरसिंहपुरात एखाद्या पोराने पैलवान व्हायचं ठरवलं तर घरात एक म्हैस वाढते. पोलीस भरतीची तयारी करतो म्हणाला तर पहाटे पळताना उसाचा ट्रॅक्टरवालासुद्धा कडेने घेऊन त्याला वाट देतो. स्पर्धा परीक्षेला बसलोय म्हणाला तर पाच-सात वर्षं त्याला कुणी काही विचारत नाही. विचारलंच तर 'मुलाखतीपर्यंत गेलता' एवढं उत्तर सोयरीक जमवायला पुरतं. माझ्या पुतण्याने मात्र दिवाळीत, भरल्या पंगतीत, 'मला विनोदी कलाकार व्हायचंय' असं जाहीर केलं. आमचे थोरले बंधू, म्हणजे त्याचे वडील, ताटावरून मान न उचलता म्हणाले, "मग आत्ता कोण हायेस?"

सगळी पंगत हसली. कलाकाराच्या कारकिर्दीतला पहिलाच हशा बापाने नेला.

पोराची अडचण मला तेव्हाच दिसली. गावात विनोदाचा दुष्काळ असता तर त्याचं काम सोपं होतं. इथे विनोद सकाळ-संध्याकाळ फुकट मिळतो. पारावर दहा माणसं बसली असतील तर नऊ जण विनोदी असतात आणि दहावा त्यांचा विषय असतो. अशा गावात हसवण्याचे पैसे मागणं म्हणजे संगमावर बसून पाणी विकण्यातला प्रकार. आता पाणी नृसिंह जयंतीच्या गर्दीत विकलं जातंच, नाही असं नाही. पण त्याला बाटली लागते. पुतण्याकडे बाटली नव्हती.

शिवाय पारावर अण्णा होते. वय ऐंशीच्या पुढे, दात दोन, ऐकू येतं ते फक्त नको तेव्हा. अण्णांनी आयुष्यात कुणाला विनोद म्हणून काही सांगितलं नाही. ते फक्त दुसऱ्याचं वाक्य संपायची वाट बघायचे. पुतण्याने पारावर पहिला विनोद केला तो असा, "अण्णा, आपल्या गावात रेंज एवढी कमी, की फोन लावायला झाडावर चढावं लागतं." सगळ्यांनी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी तंबाखूची चिमूट दाढेत सरकवली आणि म्हणाले, "चढ की मग. खाली तरी तुझं कोण ऐकतंय?"

नरसिंहपूर कुठे आहे हे सांगून टाकतो, कारण ते पुणे जिल्ह्यात आहे हे पुणे शहरातल्या माणसाला शपथेवर सांगितलं तरी पटत नाही. जिल्ह्याचा नकाशा आग्नेयेकडे इंदापूर तालुक्यात निमुळता होत जातो आणि अगदी टोकाला नीरा आणि भीमा एकमेकींना भेटतात, तिथे आम्ही. नीरा ओलांडली की सोलापूर जिल्हा, भीमा ओलांडली तरी सोलापूर जिल्हा. कागदोपत्री आम्ही पुणेकर. पण दुपारी एक ते चार आम्ही झोपतो ते उन्हामुळे, तत्त्व म्हणून नव्हे.

देव म्हणजे लक्ष्मी-नृसिंह. देऊळ भव्य, दगडी, पेशवाईतले सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांनी बांधून काढलेलं. मूर्ती प्रल्हादाने स्वतःच्या हाताने वाळूची घडवली असं सांगतात. भीमेच्या वाळूला अलीकडे जो भाव आलाय तो बघता वाळूचा देव अजून जागेवर आहे, हाच मला त्याचा सगळ्यात मोठा चमत्कार वाटतो. हा विनोद मी पुतण्याला भेट दिला. तो म्हणाला, "काका, हा मी स्टेजवर केला तर रात्री अंगावर हायवा घालतील." म्हणजे पोराला धंद्यातलं थोडंफार कळत होतं.

मोबाईलवर बघून बघून त्याने विनोदाचं शास्त्रही शिकून घेतलं होतं. आधी 'सेटअप', मग 'पंच'. मी म्हटलं, एवढ्यासाठी डेटा कशाला जाळतोस, आपल्या देवाची गोष्ट बघ. हिरण्यकशिपूने वर मागितला: माणसाच्या हातून मरण नको, जनावराकडून नको, दिवसा नको, रात्री नको, घरात नको, बाहेर नको, जमिनीवर नको, आकाशात नको, शस्त्राने नको, अस्त्राने नको. इंदापूरच्या वकिलाने केलेल्या साठेखतालासुद्धा एवढी कलमं नसतात. ऐकणाऱ्याला वाटतं, झालं, आता याला कुठून वाट नाही. आणि खांब फुटतो. अर्धा माणूस, अर्धा सिंह, तिन्हीसांज, उंबरा, मांडी आणि नखं. एकाही कलमाचा भंग नाही आणि माणूस खलास! याला म्हणतात पंच. पुतण्या विचारात पडला. मग म्हणाला, "पण काका, यात ऐकणारं कुणी हसत न्हाई." हे खरं आहे. नृसिंह हा देव विनोदी नाही. पण त्याचं टायमिंग मात्र बिनतोड आहे.

टायमिंग शिकायला पोरगं पुण्याला गेलं. तिथे 'ओपन माईक' असतो. कॉफीच्या दुकानात एक कोपरा, एक माईक, नवख्याला पाच मिनिटं. मराठीत हे आता चांगलं रुजलंय. 'भाडिपा' या यूट्यूब चॅनलच्या मंडळींनी मराठी स्टँडअपला तिकीट काढून येणारा प्रेक्षक मिळवून दिला, त्यामुळे दर शनिवारी पुण्यात कुणी ना कुणी आपल्या रूममेटवर विनोद करत उभा असतो. पुतण्याने आपला हुकमी विषय काढला: मुकादम ऊसतोडीची उचल घेऊन पळतो आणि ज्याने ती दिली तो ट्रॅक्टरमालक त्याला शोधायला बीडला जाऊन त्याच्याच घरी जेवून येतो. गावात या गोष्टीवर लोक लोळतात, कारण निम्म्यांचे पैसे बुडालेत. पुण्यात सगळे गप्प. एक मुलगी सहानुभूतीने म्हणाली, "उचल म्हणजे काय, इएमआय का?" आणि तिच्या या वाक्यावर दुकान हसलं. दुसरा हशाही गेला.

परत आल्यावर तो म्हणाला, लोक वाईट नव्हते, पण शांत बसून ऐकत होते, त्याचीच भीती वाटली. खरंच आहे. आमच्याकडे माणसं बोलणाऱ्यासमोर सलग पाच मिनिटं गप्प बसली तर समजायचं, एक तर वाटणीचा कागद वाचणं चाललंय, नाहीतर कुणाचा तरी रिपोर्ट आलाय.

मग गावाने सल्ला द्यायला सुरुवात केली. आमच्या भागात हा सल्ला ठरलेला आहे: "कांबळेश्वरच्या लोकांनी केलं, तुला काय धाड भरलीय?" कांबळेश्वर हे बारामती तालुक्यातलं गाव. तिथल्या मंडळींनी 'चांडाळ चौकडीच्या करामती' ही वेब मालिका काढली. गावातलीच माणसं, गावातलीच भाषा, गोठा, पार, ओढा हेच सेट. बघता बघता ती घराघरांत पोचली. आज आमच्याकडे सत्तर वर्षांची आजी फोन हातात घेऊन बसली असेल तर ती नातवाशी बोलत नसते, चांडाळ चौकडी बघत असते. तेव्हा पुतण्यानेही दोन मित्र, एक फोन आणि मक्याच्या कणसाएवढ्या माईकवर लावायला एक केसाळ टोपी एवढी सामग्री जमवून मालिका सुरू केली.

पहिली अडचण पात्रांची. सगळ्यांनाच सरपंच व्हायचं होतं. दारुड्याच्या भूमिकेला कुणी तयार होईना, कारण मुलीचं लग्न ठरायचंय. आणि जे तयार होते त्यांना भूमिका सांगून उपयोग नव्हता. दुसरी अडचण त्याहून मोठी. पहिल्या भागाचा विषय होता बांधावरून होणारी दोन भावांची भांडणं. चित्रीकरणासाठी खराखुरा बांध निवडला आणि अभिनयासाठी खरेखुरे भाऊ. धाकट्याने संवादाप्रमाणे म्हटलं, "दादा, तू माझ्या हद्दीत एक हात आलायंस." थोरला कागदात नसलेलं बोलला, "एक हात? आरं, मोजून घे, तूच दीड हात आलायंस." कॅमेरा चालू होता. फोनवर आजही ते चित्रीकरण आहे. अभिनय अत्यंत नैसर्गिक आहे. मोजणीचा अर्ज त्याच आठवड्यात भूमी अभिलेख कार्यालयात गेला.

इथे मला नीरेपलीकडच्या एका माणसाची आठवण झाली. द. मा. मिरासदारांचा जन्म १९२७ चा, अकलूजचा. म्हणजे आमच्यापासून हाकेच्या नाही, पण मोटरसायकलच्या अंतरावरचा. शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकरांबरोबर त्यांनी गावोगाव कथाकथन केलं. समोर माईक, हातात कागद नाही, अंगाला रंग नाही, आणि तरी हजार माणूस हसून मुरकुंडी वळेपर्यंत ऐकायचं. आज ज्याला स्टँडअप म्हणतात ते ही तिघं बंडी-धोतराच्या श्रोत्यांपुढे करून मोकळी झाली. पण मिरासदारांची खरी हुशारी मला दिसते ती भोकरवाडीत. नाना चेंगट, बाबू पैलवान, गणामास्तर ही सगळी वल्ली त्यांनी भोकरवाडीत नेऊन ठेवली. भोकरवाडी नकाशावर नाही, त्यामुळे भोकरवाडीचा कुणी जाब विचारायला पुण्याला येऊ शकत नव्हता. लेखकाने गाव काल्पनिक का करावं यावर समीक्षक काहीही म्हणोत. ज्याला त्या गावात परत जाऊन एसटीला उभं राहायचंय त्याला कारण बरोबर कळतं.

पुतण्याला मी म्हटलं, मोठमोठ्यांनी कशी सुरुवात केली ते वाच. त्याने वाचलं आणि उत्साहाने रात्री घरात सांगितलं. निळू फुले पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करायचे आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात काम करायचे. राम नगरकरांचा घरचा धंदा केशकर्तनाचा. तोच पुढे 'रामनगरी' होऊन एकट्याने रंगमंचावर उभा राहिला. दादा कोंडके मूळचे आपल्या जिल्ह्यातल्या भोरकडचे, मुंबईच्या गिरणगावात वाढले, बँडपथकात वाजवायचे. वसंत सबनीसांचं 'विच्छा माझी पुरी करा' १९६५ मध्ये आलं आणि मग दादांना कुणी आवरू शकलं नाही. पोराचा मुद्दा असा, की साध्या घरातली माणसं एवढी मोठी झाली. थोरल्या बंधूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे तिघंबी आधी कामाला जायचे?"

वहिनींनी मधला मार्ग सुचवला. "त्यापरीस कीर्तनकार हो." वहिनींचं निरीक्षण अचूक आहे. ग्रामीण महाराष्ट्रात आज सगळ्यात जास्त माणसं एका जागी हसतात ती अखंड हरिनाम सप्ताहात. कीर्तनकार सासू-सुनेवर बोलतो, पोरांच्या केसांवर बोलतो, समोर बसलेल्यांची नाव न घेता सालटी काढतो, आणि कार्यक्रम संपला की ज्यांची सालटी निघाली तेच पाया पडायला रांग लावतात. वर पाकीट. विनोदी कलाकाराने यातलं एक वाक्य म्हटलं तर भावना दुखावतात. तुळशीची माळ ही विनोदवीराला मिळू शकणारी सगळ्यात स्वस्त विमा पॉलिसी आहे. आणि हे आजचं नाही. आमच्या बारामतीत बसून मोरोपंतांनी आर्या रचल्या, आणि सोलापूरचे लावणीकार राम जोशी कीर्तनाकडे वळले ते मोरोपंतांच्या शब्दाने, अशी जुनी कथा आहे. बोर्डावरच्या माणसाला कीर्तनाला लावायची या भागाला तेव्हापासून खोड आहे.

माझं मत विचाराल तर पोराने ना पुणं बघायला हवं होतं, ना मोबाईल. त्याने तमाशाची बतावणी बघायला हवी होती. गण झाला, गौळणीत मावशीने मिशीवरून पदर घेऊन कृष्णाला पिडून झालं, की दोन गडी येतात आणि बोलायला लागतात. कवलापूरच्या काळू-बाळूंनी, म्हणजे लहू आणि अंकुश खाडे या जुळ्या भावांनी, 'जहरी प्याला'तले दोन हवालदार उभे केले ते याच मुशीतून. सोंगाड्याला पाठ करायला वही नसते. तो एक वाक्य टाकतो आणि जोडीदाराकडून उलटं काय येतंय ते झेलतो. आणि मागून एखादा फेटेवाला ओरडला तर त्याचंही वाक्य झेलतो, त्यालाच तिसरा गडी करून घेतो आणि त्याच्यावर हशा घेऊन पुढे जातो. पुण्याच्या ओपन माईकला मध्ये बोलणारा माणूस अडथळा वाटतो. तमाशात तो बिनपगारी नट असतो. आमच्या गावात तर प्रेक्षक म्हणून कुणी जन्मालाच येत नाही. सगळे बिनपगारी नट. पण 'तमाशा बघ' असं पुतण्याला उघड सांगण्याची सोय नव्हती. वहिनी घरातच होत्या.

तरी त्याला एक स्टेज मिळालं. वाढदिवसाचं. आमच्याकडे वाढदिवस म्हणजे मंडप, फ्लेक्स, फेटे, आणि सत्कार करणाऱ्यांचा सत्कार. पोराला वेळ मिळाली ती सत्कार आणि जेवण यांच्या मधली. मंडपामागे मटणाचं पातेलं उघडलं गेलं होतं. पुढच्या सोफ्यावर नेतेमंडळी, मागे खुर्च्या, बाजूला बाया, सतरंजीवर पोरं, आणि सगळ्यांच्या मागे मोटरसायकलींवर आडवी बसलेली तरुण मंडळी, जी हसतात पण त्यांचं कारण वेगळं असतं.

विषय काय घ्यायचा हाच प्रश्न. राजकारण नको, कारण आमच्याकडे प्रत्येक विनोदाला गट असतो. हसला तो एका पॅनेलचा, न हसला तो दुसऱ्या पॅनेलचा, आणि डोळे पुसायला रुमाल काढला तो कुंपणावरचा. म्हणून त्याने घरगुती विषय काढला, नणंद-भावजय. हा विषय महाराष्ट्रात शेकडो वर्षं बिनधोक चालत आला होता. पण २०२४ च्या लोकसभेला आमच्या बारामती मतदारसंघात नणंद विरुद्ध भावजय अशीच लढत झाली, आणि जात्यावरच्या ओवीतसुद्धा आता आचारसंहिता बघावी लागते. त्याने 'एक नणंद होती' म्हणताच पुढचा सोफा ताठ झाला. संयोजकाने हाताने 'आवर' अशी खूण केली. पोरगं घाईघाईने उसाच्या बिलावर आलं. थोडं हसू फुटतंय असं वाटलं, एवढ्यात साउंडवाल्याने दुसऱ्या माईकवरून घोषणा केली: "एमएच बेचाळीस, पांढरी बोलेरो, कुणाची असंल त्यानं काढावी, आचाऱ्याचा टेम्पो अडाकलाय." मागून आवाज आला, "मटाण त्याच्यातच हाय का?" साउंडवाला म्हणाला, "भाकरी हायत." मंडप कोसळला. लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारून हसले. पुतण्या हातात माईक धरून उभा होता. त्याला पाकीट मिळालं, नाही असं नाही. साउंडवाल्याला पुढच्या दोन कार्यक्रमांची सुपारी मिळाली.

दुसऱ्या दिवशी पारावर अण्णांनी त्याला जवळ बोलावून बसवलं. म्हणाले, "चांगलं बोललास." पोरगं फुललं. "ऐकलं का तुम्ही, अण्णा?" "न्हाई. बोलेरो माझ्या नातवाची. मी काढाय गेल्तो."

अण्णा फाल्गुनात गेले. झोपेतच, कुणाला बोलायची संधी न देता. दहाव्याला संगमावरच्या घाटावर सगळं गाव. आमच्या भागात दशक्रिया विधीला जेवढी शिस्तीत माणसं बसतात तेवढी ग्रामसभेला कधीच बसत नाहीत. प्रवचन झालं, श्रद्धांजलीची भाषणं झाली, दोन इच्छुक उमेदवारांनी अण्णांचा आपल्या घराण्याशी असलेला ऋणानुबंध सांगून झाला. पिंड ठेवले. कावळा बाभळीवर बसलेला, पिंडाकडे बघतोय, पण उतरत नाही.

मग नेहमीप्रमाणे शब्द देणं सुरू झालं. थोरला मुलगा हात जोडून म्हणाला, "अण्णा, धाकट्याला अंतर देणार न्हाई." कावळा ढिम्म. धाकटा म्हणाला, "बांधाची केस मागं घेतो." कावळ्याने थोरल्याकडे बघितलं, धाकट्याकडे बघितलं आणि मान फिरवली, त्याला दोघंही ठाऊक होते. सून म्हणाली, नातीला शिकवू. कुणी पिंडाशेजारी तंबाखूची पुडी ठेवली. ऊन चढलं. कारखान्याला पाळी असलेले घड्याळ बघायला लागले. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायची तयारी केली. आणि मागून, मोटरसायकलींच्या बाजूने आवाज आला, "अण्णा, ह्यो पोरगा परत माईकला हात लावणार न्हाई!"

कावळा झपकन उतरला आणि पिंडाला चोच मारली.

दहाव्याला हसायचं नसतं. गुरुजी हसले, प्रवचनकार हसले, अण्णांची मुलं हसली, बाया पदरात हसल्या. नीरेच्या आणि भीमेच्या दोन्ही काठांवर ऐकू गेलं असेल. पुतण्या पहिल्या रांगेत होता, आणि तोही पोट धरून हसला.

त्या रात्री त्याने ते लिहून काढलं. फक्त एक दुरुस्ती केली. त्याच्या कागदावर माईकला हात लावणार नाही म्हटल्यावर कावळा जागचा हलतच नाही. मग पोरगा स्वतः उठून म्हणतो, "अण्णा, शिकंन मी", आणि मग कावळा शिवतो. हे त्याने पुण्यात करून बघितलं. लोक हसले, शेवटी दोघांनी डोळे पुसले म्हणे. तो गावात आला तो अंगावर मूठभर मांस चढवून, आणि वैशाखात नृसिंह जयंतीच्या करमणुकीच्या कार्यक्रमात त्याने पंधरा मिनिटं मागून घेतली. मी मागे उभा होतो. बाभूळ झाली, तंबाखू झाली, केस मागे घेणं झालं. लोक धरून बसले होते. थोरले बंधूसुद्धा मान वर करून बघत होते. पुतण्याने आवाज खाली आणला आणि म्हणाला, "तरीबी कावळा हलंना..."

"खोटं!" मागून अण्णांचा नातू ओरडला. "पयल्याच बोलाला शिवलाय! म्या डोळ्यांनी बगितलंय!"

मंडप फुटला. पुतण्याने थोडा वेळ जाऊ दिला. मग त्याने माईक स्टँडवरून काढला, स्टेजच्या कडेला आला आणि नातवाला म्हणाला, "तू कुठनं बगितलंस? तू तर बोलेरो काढाय गेल्तास."